‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : परळचा एक बोलपट आणि जपानी साम्राज्यविस्ताराचे चित्र

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पी. अँड ओ. कंपनीची ‘राजपुताना’ ही बोट पूर्वेकडे निघाली. काँग्रेसने चीनच्या साहाय्यार्थ पाठविलेले पाच डॉक्टर तिच्यावर होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे अलाहाबादचे, उपप्रमुख डॉ. चोळकर हे नागपूरचे, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे कलकत्त्याचे, आणि पाचवे द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे मूळचे सोलापूरचे. कोटणिसांचे वैद्यकीय शिक्षण परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात झाले होते. आठ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांच्या जीवनावरील ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट प्रदर्शित झाला, तोही परळच्याच राजकमल कलामंदिरात तयार होऊन. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही नात्यांनी व्ही. शांताराम हे या कृतीचे कर्ते होत. कॉलेज आणि स्टुडिओ यांतील अंतर पायी जाता येईल इतकेच आहे. चरित्रनायकाचा चीनपर्यंतचा प्रवास आणि त्याच्या प्रतिमेचा पडद्यापर्यंतचा प्रवास हे दोन्ही गिरणगावातून सुरू व्हावेत, हा योगायोग केवळ कौतुकाचा नाही. या बोलपटाचे जे बळ आहे आणि जी उणीव आहे, त्या दोहोंचा उगम या परिसरात शोधता येतो.

बोलपटाविषयी आजवर झालेले लेखन बहुधा दोन प्रकारचे आहे. एक शांतारामांच्या तंत्रकौशल्याची वाखाणणी करणारे, व दुसरे भारत-चीन मैत्रीच्या प्रसंगोपात्त गौरवाचे. पहिल्यात विषय गौण ठरतो, दुसऱ्यात कृती गौण ठरते. कोटणीस ज्या घटनेमुळे चीनला गेले, ती घटना म्हणजे जपानचा आशिया खंडातील साम्राज्यविस्तार. तिचे या बोलपटात नेमके काय झाले, हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या लेखनात बाजूला राहिला आहे. १९३८ ते १९४६ या आठ वर्षांत मुंबईच्या मनातील ‘जपान’ या शब्दाचा अर्थ एकदा नव्हे, अनेकदा पालटला. त्या पालटांचा हिशेब मांडल्यावाचून बोलपटाचे परीक्षण पुरे होत नाही.

जपान मुंबईला दूरचा देश कधीच नव्हता. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी संगनमत करून मुंबई-जपान बोटींची वाहतूक सुरू केली, ती पी. अँड ओ. कंपनीची नूराची मक्तेदारी मोडण्यासाठी. (पंचेचाळीस वर्षांनी जपानविरुद्ध लढणाऱ्यांची शुश्रूषा करावयास निघालेले डॉक्टर त्याच पी. अँड ओ. च्या बोटीने गेले, हा इतिहासाचा एक लहानसा विनोद.) त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात खपत असे आणि हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांत जात असे. या दुहेरी व्यवहारातच पुढच्या संघर्षाचे बीज होते. येथलाच कापूस नेऊन जपानने सूत काढले, ते चीनमध्ये मुंबईच्या सुताला मागे सारू लागले, आणि पुढे जपानी कापड हिंदुस्थानच्या बाजारात उतरले. १८९४-९५ च्या युद्धात चीनचा पराभव करून जपानने तैवान घेतले. ती सरशी तोफांची होती. चीनच्या बाजारातली सरशी चात्यांची होती, आणि ती काळबादेवीच्या पेढ्यांना व लालबागच्या चाळींना अधिक जवळून कळली.

१९०५ मध्ये रशियाचा पराभव झाला, तेव्हा मात्र हा व्यापारी हिशेब कोणाच्या मनात नव्हता. एका आशियाई राष्ट्राने युरोपच्या एका महासत्तेला लोळविले, ही वार्ता महाराष्ट्रातील राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकाला आपल्याच घरच्या शुभवर्तमानासारखी वाटली. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. १९१५ मध्ये चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या. या दोन्ही घटनांनी १९०५ च्या प्रतिमेला तडा जावयास हवा होता. तो फारसा गेला नाही. पारतंत्र्यातील मनाला एक विजयी आशियाई हवा होता, आणि त्या विजयाची किंमत सोलमध्ये कोण देत आहे हे पाहण्याची सवड त्याला नव्हती.

तडा गेला तो १९३० नंतर, आणि तोही आधी गिरणगावात. १९३० च्या कायद्याने परदेशी कापडावर संरक्षक जकात बसली. ब्रिटिश कापडावर शेकडा १५ व इतरांवर शेकडा २०, असा भेद तेव्हाच केला गेला. जपानी येन घसरल्यावर ही भिंत अपुरी पडली आणि ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्ये शेकडा ५० व जून १९३३ मध्ये शेकडा ७५ झाली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला, आणि वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला कळून चुकले की ओसाकाच्या गिरणीमालकांचा एक ठराव आपल्या शेतापर्यंत पोहोचतो. शेवटी जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घ्यावा व त्या मोबदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवावे, पंधरा लाख गाठी घेतल्यास चाळीस कोटी वारांपर्यंत पाठवावे, आणि जकात पुन्हा शेकडा ५० वर यावी. तत्पूर्वी ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी लँकेशायरशी मोदी-लीस करार केला होता. या सर्व वाटाघाटींत ज्याला कोणी विचारले नाही, तो परळ-लालबागचा गिरणीकामगार. ‘जपानी स्पर्धा’ हे शब्द त्याच्या कानावर पडले ते मजुरीकपातीचे व माणसे कमी करण्याचे कारण म्हणून. १९३४ च्या उन्हाळ्यातील सार्वत्रिक संपामागे ही कपात होती. कापडाच्या ताग्यावर छापलेला ‘जपान’ आणि पगाराच्या दिवशी ऐकू येणारा ‘जपान’ एकच आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

आणि तरीही याच काळात, १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकडेनजवळ आगगाडीचा रूळ उडविल्याचे निमित्त करून जपानी सैन्याने मांचुरिया व्यापला, १९३२ मध्ये मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे केले, आणि ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरील चकमकीतून संपूर्ण चीनवर युद्ध लादले. ओसाकाच्या चात्या व मांचुरियातील फौजा या एकाच विस्ताराच्या दोन बाजू होत. नैसर्गिक साधनांनी दुबळ्या अशा औद्योगिक राष्ट्राला बाजारपेठ व कच्चा माल हवा होता. जकातीच्या भिंतींनी बाजार बंद होऊ लागले, तसा तेथील लष्करशहांचा युक्तिवाद बळावला. मुंबईने उभारलेली शेकडा ७५ ची भिंत त्या युक्तिवादातील एक वीट होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती आहे. परंतु तिचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता असेही म्हणता येणार नाही.

काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाची पार्श्वभूमी ही अशी आहे. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू-ते यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून साहाय्य मागितले. पथक प्रत्यक्ष पाठविले गेले ते सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना. सुभाषबाबूंनी ऑक्टोबर १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात जपानच्या अतिपूर्वेतील भूमिकेवर जो लेख लिहिला, तो या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखा आहे. त्यात जपानने आशियाला मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेविषयी आदर आहे आणि ती प्रतिष्ठा साम्राज्यशाहीवाचून, चीनसारख्या प्राचीन राष्ट्राचा अपमान केल्यावाचून, मिळविता आली नसती काय, असा स्पष्ट सवालही आहे. १९०५ चे कौतुक व १९३७ चा धिक्कार हे दोन्ही एका लेखणीतून एकाच वेळी उतरले आहेत. त्या पिढीचे मन याहून अधिक प्रामाणिकपणे क्वचितच व्यक्त झाले असेल.

मराठी साहित्यात या क्षणाची एक तिरपी सावली पडलेली आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या तिच्यातील बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांना मुंबईच्या पलीकडे, अतिपूर्वेकडे, जावयाचे आहे. एका युद्धाच्या छायेतून दुसऱ्या युद्धाच्या छायेत जाणारी ती बोट आणि ‘राजपुताना’ या दोघींचा मार्ग मुंबईपासून पुढे जवळजवळ एकच. बेडेकरांनी पूर्वेचे युद्ध क्षितिजावर ठेवले, तेथे नायकाला नेले नाही. शांतारामांनी नेले. पडद्यावर जाऊन पाहण्याची ही जबाबदारी त्यांनी पत्करली, म्हणूनच त्यांनी तेथे काय पाहिले हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला प्राप्त होतो.

पथक १७ सप्टेंबरला कँटनला पोहोचले व सुमारे महिन्याभरात कँटन जपान्यांच्या हाती पडले. हँकौ, चुंगकिंग या मार्गाने हे डॉक्टर फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. वाटेत कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. ते परतले नाहीत. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये आणि अटल त्यानंतर मायदेशी आले. बसू १९४३ मध्ये परतले. कोटणीस उत्तर चीनमधील शत्रूच्या पिछाडीच्या मुलखात गेले. तेथे जपानी ठाण्यांच्या मधोमध चिनी गनिमी फौजा लढत होत्या. १९४० च्या मोठ्या चढाईच्या वेळी त्यांनी सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया केल्याचे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. १९४१ मध्ये, कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथेच अध्यापन करणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, ऑगस्टमध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांना मृत्यू आला. वय बत्तीस.

बोलपटाचा आधार म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ चे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक. पटकथा अब्बास व व्ही. पी. साठे यांची. पुस्तक आणि बोलपट या दोहोंचा जन्मकाळ ध्यानात घ्यावयास हवा. १९४३ पासून कच्च्या फिल्मचे वाटप सरकारच्या हाती गेले होते आणि युद्धप्रयत्नास पूरक अशा बोलपटांचा आग्रह सरकार धरीत होते. निर्मात्यांपैकी कित्येकांनी हा आग्रह कसाबसा उरकला. कोटणिसांची कथा या कोंडीतून काढलेली एक हुशार वाट होती. शत्रू जपानी असल्याने सरकारला हरकत घेता येत नव्हती. नायक काँग्रेसने पाठविलेला असल्याने प्रेक्षकाला परकेपणा वाटत नव्हता. फॅसिझमविरुद्धच्या लढ्याला प्राधान्य देणाऱ्या डाव्या लेखकांनाही ती हवी तशीच होती. तीन परस्परविरोधी धन्यांना एकाच कृतीने संतुष्ट करणे हे व्यवहारचातुर्य खरे. परंतु जी कथा सर्वांना चालते, तिच्यातून सर्वांना न चालणाऱ्या गोष्टी आधीच गळलेल्या असतात.

येथे काळाने आणखी एक वळण घेतले. बोलपट पडद्यावर आला तोवर युद्ध संपले होते, आणि नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याने देश ढवळून निघाला होता. १९३८ मध्ये जपानविरुद्ध पथक पाठविणारे सुभाषबाबू १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने सेना उभारून लढले होते आणि १९४६ मध्ये ते लोकांचे दैवत होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव झाला, परळ-लालबागचे कामगार त्यांच्या पाठिंब्यास रस्त्यावर उतरले आणि २२ तारखेपासून या भागात गोळीबार झाला. मिरवणुकांत ‘जय हिंद’ चा घोष होता. त्याच वर्षी, त्याच शहरातील प्रेक्षक चित्रगृहात बसून जपानी सैनिकाला खलपुरुष म्हणून पाहत होता. या विसंगतीने प्रेक्षक गोंधळून गेला असेल असे वाटते, पण तसे दिसत नाही. बोलपट लोकांना आवडला. याचे कारण शोधताना कृतीच्या अंतरंगात शिरावे लागते.

कारण असे की, या बोलपटात जपानी आहेत, पण जपान नाही. जपानी सैनिक येतो, धरतो, छळतो. तो का आला, कोठून आला, मांचुरियापासून येथवरची त्याची वाट कोणती, याविषयी कथेला जिज्ञासा नाही. तो पौराणिक नाटकातील राक्षसासारखा आहे. राक्षसाला पोट असते, अर्थकारण नसते. साहजिकच, ज्या प्रेक्षकाच्या मनात १९४६ च्या वातावरणामुळे जपानविषयी मवाळ भावना होती, त्याला आपल्या मनातील जपान आणि पडद्यावरचे हे संकट यांचा सांधा जोडण्याची गरजच भासली नाही. त्याने परकी फौज पाहिली, बळकावलेला देश पाहिला, आणि त्या जागी आपली परकी फौज व आपला देश बसविला. बोलपटातील स्फूर्तिगीतांनी हे रूपांतर सुकर केले. चीन हे हिंदुस्थानचे रूपक झाले व जपानी हे इंग्रजांचे. इंग्रज सरकारच्या युद्धनीतीत बसणारा बोलपट प्रत्यक्षात इंग्रजांविरुद्ध वाचला गेला, ही त्याची गनिमी करामत म्हणावी लागेल, आणि तिचे श्रेय नाकारणे अनुदारपणाचे होईल.

पण या करामतीची किंमत चीनला मोजावी लागली. रूपक झालेल्या देशाला स्वतःचे शरीर उरत नाही. पडद्यावरचे सेनापती फाँग म्हणजे आपले बाबूराव पेंढारकर. चिंग लान म्हणजे जयश्री. खेड्यातील सर्व माणसे हिंदी बोलतात. हा केवळ नटसंचाच्या मर्यादेचा प्रश्न मानून सोडून देता येईल, आणि त्या काळच्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता हेही खरे. मर्यादा नटांची नसून कथेची आहे. कोटणीस ज्या चीनमध्ये राहिले तो दुभंगलेला चीन होता. चुंगकिंगचे सरकार आणि येनानचा पक्ष यांच्यातील ताण पथकाने जवळून अनुभवला होता, आणि कोटणिसांनी अखेरीस एक बाजू जाणूनबुजून निवडली. या निवडीखेरीज त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचा अर्थ लागत नाही. तिला पटकथेत स्थान नाही. ज्या लेखकांना ही निवड सर्वांत जवळची वाटली असती त्यांनीच ती गाळावी, यातून त्या काळच्या निर्मितीवरील दडपण किती होते याची कल्पना येते.

याहून बोलका बदल मृत्यूच्या बाबतीत आहे. बोलपटातील कोटणीस सैन्यात फैलावलेल्या प्लेगच्या साथीवर उपाय शोधतो आणि शेवटी त्या रोगालाच बळी पडतो. प्रत्यक्षातील कोटणिसांनी प्लेगवर उपाय शोधला नव्हता. हा प्लेग आला कोठून? उत्तर चीनमधून तो आलेला नाही. तो परळमधून आलेला असावा, असे मानण्यास जागा आहे. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यात आली, तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली, आणि कोटणिसांचे कॉलेज तिच्या शेजारीच उभे राहिले. डॉक्टरी शौर्य म्हणजे काय, याची मुंबईच्या स्मृतीत एकच ठळक आकृती होती, आणि ती साथ, लस व आत्मसमर्पण यांनी बनलेली होती. राजकमलच्या कथाकारांनी तीच, कळत वा नकळत, चीनमध्ये नेऊन बसविली. यात विलक्षण असे की, वास्तव या कल्पनेहून भयंकर होते. जपानी सैन्याच्या एका गुप्त विभागाने १९४० मध्ये निंगपो व १९४१ मध्ये चांग-ते येथे प्लेगचे जंतू विमानांतून टाकले होते. या विभागाच्या कृत्यांचा तपशील १९४९ च्या खबारोवस्क खटल्यानंतर हळूहळू जगापुढे आला. पटकथा लिहिणाऱ्यांना तो ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांच्या हाती चुकून सत्याचे टोक आले होते, पण कथेत ते दैवी आपत्तीचे टोक होऊन राहिले.

कोटणिसांचे खरे कार्य मात्र या बदलात हरवले. ते चिनी भाषा शिकले, इतकी की त्या भाषेत विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवू लागले. शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर त्यांनी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले, आणि दुसऱ्या विस्तृत पुस्तकाचे काम चालू असतानाच त्यांचा अंत झाला. खेडोपाडी हलणाऱ्या रुग्णालयात, औषधे व उपकरणे यांचा दुष्काळ असताना, अर्धशिक्षित तरुणांना काही महिन्यांत जखमा हाताळण्यास तयार करणे हे त्या युद्धातील सर्वांत मोठे वैद्यकीय काम होते. एक डॉक्टर शंभर रोगी वाचवितो, पण एक पाठ्यपुस्तक ज्या मुलखात दुसरे पुस्तकच नाही तेथे काय करते, हे पडद्यावर दाखविणे कठीण आहे. लेखणी घेऊन बसलेला, चिनी अक्षरे गिरविणारा, संज्ञा जुळविण्यासाठी सहकाऱ्यांना पुनःपुन्हा विचारणारा नायक चित्रपटाला परवडत नाही, हे मान्य. तथापि त्याऐवजी आलेला चमत्कारी संशोधक हा एका प्रचलित साच्यातून काढलेला नायक आहे, आणि साच्याला कोटणिसांची गरज नव्हती. कोटणिसांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी पुढे लिहिलेले चरित्र, बसूंचे येनानविषयीचे पुस्तक आणि क्वो छिंग-लान यांच्या आठवणी वाचल्या म्हणजे, खरा माणूस किती अधिक रंजक होता हे ध्यानात येते.

इतके सर्व सांगूनही बोलपट विसरता येत नाही, आणि समीक्षेने हेही सांगितले पाहिजे. त्याचा प्राण शेवटच्या भागात आहे. मृत्युशय्येवरील कोटणीस चिंग लानला आपल्या घराकडे जाणारी वाट सांगतो. पुढे ती मुलाला घेऊन सोलापूरला येते आणि त्याच वाटेने, त्याच घराशी पोहोचते. हे सर्व काल्पनिक आहे. १९४६ पर्यंत क्वो छिंग-लान भारतात आलेल्याच नव्हत्या. कल्पित असूनही हा प्रवेश बोलपटातील इतर कोणत्याही ‘सत्य’ प्रसंगाहून खरा वाटतो. शांताराम येथे पहिल्यांदाच आपल्या माहितीच्या भूमीवर उभे आहेत. परदेशी गेलेला मुलगा न परतणे, त्याच्या जागी त्याची अनोळखी भाषा बोलणारी विधवा दाराशी येणे, आणि दार उघडणाऱ्यांनी तिच्याकडे व कडेवरच्या मुलाकडे पाहणे, यांतील दुःख कोणत्याही राजकारणावाचून समजते. गिरणगावातील प्रेक्षकाला तर ते विशेष समजले असेल. कोकणात वा घाटावर घर आणि परळात पोट अशा त्याच्या आयुष्यात, सांगितलेल्या खुणांवरून घर शोधत येणारी बाई हे ओळखीचे दृश्य होते. पुत्राचे नाव यिन-ह्वा, म्हणजे ‘भारत-चीन’, असे ठेवले गेले होते. वास्तवाने स्वतःच इतके उघड रूपक पुरविलेले असताना शांतारामांनी ते फार ताणले नाही, हा त्यांचा संयमही नोंदविण्याजोगा आहे.

त्याच परिसरात राहून बोलपटाला जे ऐकू आले नाही त्याची खंत म्हणूनच अधिक वाटते. राजकमलच्या कुंपणाबाहेर गिरण्यांचे भोंगे होते. त्या भोंग्यांखाली राबणाऱ्या हजारो माणसांनी जपानी विस्ताराचा पहिला तडाखा बंदुकीच्या नव्हे, जकातीच्या व मजुरीच्या भाषेत अनुभवला होता. कथानायक त्यांच्याच वस्तीत डॉक्टरी शिकला. येथल्या कापसाच्या गाठीचा धागा ओसाकामार्गे चीनच्या रणभूमीपर्यंत जातो, एवढे एखाद्या दृश्यात, एखाद्या संवादात सुचविले असते, तर चीनचे युद्ध परळच्या प्रेक्षकाला रूपकावाचूनही आपले वाटले असते. मग जपानी सैनिक राक्षस न राहता इतिहासातील माणूस झाला असता, आणि सुभाषबाबूंच्या १९३७ च्या लेखातील तो अवघड सवाल १९४६ च्या प्रेक्षकापुढे पुन्हा उभा राहिला असता. त्या वर्षी तो सवाल कोणालाच नको होता, हे खरे आहे. परंतु नको असलेला सवाल विचारण्याचे धैर्य ‘कुंकू’ व ‘माणूस’ यांच्या दिग्दर्शकाकडून अपेक्षिणे गैर नव्हते.

शत्रूला इतिहास न दिल्याचा परिणाम बोलपटाच्या पुढील आयुष्यात दिसला. शांतारामांनी याची इंग्रजी आवृत्तीही ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’ या नावाने तयार केली होती. ती अमेरिकेत गेली, आणि १९५० नंतरच्या दशकात, कोरियाचे युद्ध होऊन तेथील लोकमत चिनी कम्युनिस्टांविरुद्ध पेटलेले असताना, वितरकांनी तिची काटछाट करून ती ‘नाइटमेअर इन रेड चायना’ या नावाने विकली. ज्या मुलखात कोटणिसांनी चिनी कम्युनिस्टांच्या सैनिकांवर उपचार केले, ज्या पक्षात ते शेवटी सामील झाले, तोच आता शीर्षकातील दुःस्वप्न ठरला. यासाठी वितरकांना फार चित्रीकरण करावे लागले नाही. गणवेशातील माणसे तीच राहिली, ती कोण हे सांगणारे शब्द बदलले. शीर्षकातून कोटणीस हे नावही गेले.